डावीकडचं चाक

आमच्या चेतकच्या आरसी बुकात ‘साइडकारसह’ अशी नोंद आहे. बुकाच्या कडा झिजून गेल्यात, शिक्के पुसट झालेत, पण तेवढा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. चेतक घरी आली तेव्हा आम्ही पाच माणसं होतो. पुढे भाऊ उभा, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर मी आणि आजी कायमची घरी, ही विभागणी अण्णांना पटेना. तेव्हा दिल्लीच्या ‘कोझी’च्या साइडकार देशभर जात. त्यांनी तिथून एक मागवली आणि आजीला त्यात बसवून सोमेश्वरला, देवळालीला, नातेवाइकांच्या लग्नामुंजींना नेलं. आजी त्या डब्यात पदर डोक्यावर घेऊन ताठ बसायची, हे मला लख्ख आठवतं.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांना ज्यांना जमलं ते सगळे चारचाकीकडे गेले. साइडकार दिसेनाशी झाली. आमचीही निघाली. डबा पावसात कुजला, सांगाडा घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेला राहिला. चेतक मात्र अण्णांनी शेवटपर्यंत चालवली, आणि त्यांच्यामागे मी.

ती साइडकार पुन्हा जोडायची, हे ठरलं आईमुळे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी तिथे आहे. 1297 मध्ये त्यांनी ती घेतली. जिल्ह्यातून, जिल्ह्याबाहेरून दिंड्या चालत येतात आणि त्यांतल्या कित्येक नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने पुढे जातात. आई बरीच वर्षं त्या रस्त्याने चालत गेली. मग गुडघे गेले. स्कूटरवर मागे पाय टाकून बसणं तिला जमत नाही आणि एका बाजूला बसलं की धरायला हात पुरत नाहीत. भावाने गाडीतून नेतो म्हटलं, तर ती म्हणाली, “काचेआडून दिंडी बघायला मला टीव्ही आहे घरात.”

कायद्याचं आधी बघून घेतलं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यातच जोडता-काढता येणारी, एक जादा चाकाची साइडकार धरलेली आहे. पण त्याच कायद्याचं कलम 52 असं सांगतं की नोंदणीत नसलेला बदल गाडीत परस्पर करता येत नाही. आजकाल हौसेने कुठल्याही गाडीला काहीही वेल्ड करणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. आमच्या बुकात ती नोंद पहिल्यापासून होती, आणि अण्णांच्या त्या एका शब्दाने मोठं काम केलं.

मिस्त्री भद्रकालीतले. वय साठीच्या पुढचं, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. बजाज, प्रिया, लॅम्ब्रेटा, विजय सुपर या सगळ्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. सांगाडा टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेला, तर त्यांनी तो उभा केला, हातोडीच्या दांड्याने जागोजागी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, “ताई, लोखंड जिवंत आहे. डबा नवा लागंल. पण आधी स्कूटर बघू द्या. ओझं तिनं घ्यायचंय.”

हे वाक्य किती खरं होतं ते पुढे कळत गेलं. चेतकला मोटारसायकलसारखी नळ्यांची चौकट नाही. तिचं घराणं व्हेस्पाचं. 1946 मध्ये इटलीत व्हेस्पा काढणारा कोरादिनो दास्कानियो हा मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरं करणारा अभियंता. त्याने पत्रा दाबून, वळवून, एकसंध अंग तयार केलं; अंग हीच चौकट. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं, ते विमानाच्या चाकावरून. इंजिन उजव्या अंगाला, आणि इंजिनच मागच्या चाकाचा हात. खड्डा आला की इंजिनासकट वरखाली होणारा. बजाजने पियाज्योच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली आणि 1972 मध्ये चेतक आणली, तेव्हा हा सगळा वारसा आकुर्डीत आला. लॅम्ब्रेटाच्या पोटात जाड नळी असते, तिला क्लॅम्प आवळला की साइडकार अडकवता येते. चेतकमध्ये क्लॅम्प आवळायचा कशाला? पत्र्याला भोक पाडून बोल्ट घातला तर चार खड्ड्यांत पत्रा फाटेल.

मिस्त्रींनी स्कूटर आडवी करून पोटाखालची फळी रॉकेलने धुतली. पायाखालच्या पत्र्याला आतून आडव्या पट्ट्या असतात. तिथे त्यांनी जुन्या साइडकारच्या वेळचे दोन ठसे दाखवले. त्या जागी जाड पत्र्याची एक लांब पट्टी खालून बसवली, म्हणजे बोल्टचं ओझं एका भोकावर न येता हातभर लांबीत वाटलं जाईल. तिसरी पकड मागे, वरच्या अंगाला, जिथे पत्रा दुहेरी होतो तिथे. एकूण तीन जागा. दोन खाली ओझं घेणाऱ्या, एक वर स्कूटरला उभं धरणारी. वरच्या दांड्याला दोन्ही टोकांना आटे आणि चेकनट, म्हणजे तो लांब-आखूड करता येतो. या दांड्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नव्हतं. गाडी कशी चालणार हे निम्मं त्याच्यावर ठरतं.

चाकाचा प्रश्न त्यांनी फार चांगला सोडवला. साइडकारला चेतकचंच दहा इंची चाक आणि चेतकचाच मागचा शॉकअप. त्यामुळे एकच स्टेपनी तिन्ही चाकांना चालते, आणि सुट्टे भाग शोधत फिरावं लागत नाही. बजाजने 2009 मध्ये स्कूटर बनवायचंच थांबवलं आणि 2020 मध्ये चेतक नाव परत आलं ते विजेवरच्या गाडीला, तरी जुन्या चेतकचे सुट्टे भाग अजून जुन्या नाशकातल्या दुकानांत मिळतात. कोनसेट नवा घातला, कारण आता हँडलवर इतक्या वर्षांनी पुन्हा आडवं ओझं पडणार होतं. पुढचा शॉकअपही बदलला. क्लचप्लेटी नव्या टाकल्या. साडेसात अश्वशक्तीच्या इंजिनाने माणसासकट डबा ओढायचा, तर क्लच जळून चालणार नाही.

एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. चेतक सकाळी चालू होईना की आपण काय करतो? ती एका अंगावर झुकवतो, क्षणभर तशीच धरतो, आणि किक मारतो. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीच्या अंगात ती हालचाल मुरलेली आहे. साइडकार जोडली की स्कूटर झुकवताच येत नाही. मिस्त्री म्हणाले, “आता लाड नाहीत. कार्बोरेटर साफ पाहिजे, चोक धरला पाहिजे, प्लग कोरडा पाहिजे.” त्यांनी कार्बोरेटर उघडून जेट फुंकून साफ केलं आणि चोकची वायर नवी टाकली. किक उजव्या बाजूला असल्याने ती मोकळी राहिली, हे नशीब.

डब्यासाठी मी हट्ट धरला. बाजारात जे आकार दिसतात ते टॉर्पेडोसारखे टोकदार, वरून पाय टाकून उतरावं लागतं असे. बघायला देखणे, पण गुडघे गेलेल्या बाईने त्यात शिरायचं कसं? नऊवारीतल्या आजीने कसं शिरावं याचा विचार अण्णांच्या त्या जुन्या डब्यात होता: त्याला बाजूला दार होतं. साइडकार हे सगळ्यात आधी अशा माणसाचं वाहन आहे, ज्याला स्कूटरच्या मागे बसता येत नाही. त्याला तिथे शिरता येत नसेल तर बाकीचा थाट काय कामाचा? सातपूरच्या एका फॅब्रिकेटरने पत्र्याचा साधा डबा केला, डाव्या बाजूला मांडीच्या उंचीपर्यंत उघडणारं दार, खाली वाकवलेली पायरी, पाठीला उभा टेका आणि पुढे धरायला आडवी नळी. सीट जमिनीपासून खुर्चीच्या उंचीवर. ही उंची आईला शेजारच्या खुर्चीवर बसवून, उठवून, पुन्हा बसवून मोजली.

मग आलं जोडणी जुळवणं. माझ्या मते या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच. साइडकारचं चाक स्कूटरच्या मागच्या चाकाच्या बरोबर शेजारी ठेवत नाहीत, थोडं पुढे ठेवतात. तसं नसेल तर वळणावर डबा पुढच्या कोपऱ्यावर तोल जाऊन कलंडू पाहतो. दुसरं, हे चाक स्कूटरला अगदी समांतर नसतं. पुढचं टोक किंचित आत, स्कूटरकडे, वळवलेलं असतं. डबा सतत गाडीला स्वतःच्या बाजूला ओढत असतो, त्या ओढीला हा उतारा. तो जास्त झाला की टायर घासून जातो, कमी झाला की हात दुखतात. मिस्त्रींनी स्कूटरच्या दोन्ही चाकांना एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी लावली, साइडकारच्या चाकाला दुसरी, आणि दोन्हींमधलं अंतर पुढे आणि मागे टेपने मोजलं. फरक अर्धा-पाऊण इंच येईपर्यंत वायसर घालत-काढत राहिले.

तिसरं मला आधी उलटंच वाटलं. स्कूटर सरळ उभी नको, डब्यापासून किंचित बाहेर झुकलेली हवी, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे. अंश-दोन अंशच. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी जावं म्हणून; त्या उतारावर गाडी डावीकडे घसरू पाहते. डब्यात माणूस बसलं की स्प्रिंग दबते आणि स्कूटर आत कलते. म्हणून आधीच बाहेर झुकवून ठेवायची. यासाठी मिस्त्रींनी गवंड्याचा ओळंबा आणला. हँडलवरून दोरी सोडली, आईला डब्यात बसवलं, मला सीटवर, आणि वरचा दांडा आटे फिरवून लांब केला. ओळंब्याची पितळी अणी पत्र्यापासून नखभर सरकली की थांबायचे, मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा पाना लावायचे. आई मनापासून सहकार्य करत होती. श्वाससुद्धा हळू घेत होती. “माई, तुम्ही बसल्या तसं बसून राहा, तुमच्या वजनावरच गाडी लावतोय,” असं त्यांनी सांगितलं. गाडी तिच्या वजनावर लागली, हे मला फार आवडलं.

आमचा बोळ अरुंद. डबा आत येतो की नाही याची मला धास्ती होती, म्हणून फाटकाची रुंदी आधीच कळवली होती. ही अडचण फार जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेड वॉटसनची साइडकार घराच्या चिंचोळ्या वाटेतून आत जाईना, म्हणून त्याने घडी घालता येणारी साइडकार बनवली आणि 1912 मध्ये त्यातून वॉटसोनियन ही कंपनी उभी राहिली. दहा वर्षांनी ब्लॅकपूलमध्ये विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली यांनी ‘स्वॉलो’ नावाने साइडकार करायला घेतल्या. त्याच धंद्यातून पुढे जग्वार मोटारी आल्या. मोटारींच्या इतिहासात साइडकारला तळटीप मिळते, पण त्या काळात मोटार न परवडणाऱ्या कुटुंबांना तिने एकत्र बाहेर काढलं. आपल्याकडे तेच काम तिने पन्नास-साठ वर्षांनी केलं.

शिकायला मी तपोवनात गेले. सिंहस्थात साधुग्राम बसतं ती जमीन. 2015 मध्ये तिथे तंबूंचं शहर होतं, एरवी मोकळीच. डब्यात वाळूचं पोतं ठेवलं. रिकामी साइडकार चालवायची नाही, ही मिस्त्रींची ताकीद. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी डावीकडे निघाली. स्कूटर पुढे जाते, डबा मागे राहू पाहतो, त्यामुळे ती डब्याकडे वळते. ब्रेक दाबला की उलट: स्कूटर थांबते, डबा पुढे जाऊ पाहतो, आणि हँडल उजवीकडे खेचलं जातं. म्हणजे वेग वाढवताना हात उजवीकडे, थांबताना डावीकडे. हे डोक्याला दहा मिनिटांत कळतं, हातांना वेळ लागतो.

त्याहून अवघड म्हणजे अंग विसरायला लागतं. दुचाकीवर आपण वळणाला झुकतो आणि गाडी वळते. इथे गाडी झुकतच नाही. हँडल खरोखर फिरवावं लागतं, दोन्ही दंड लावून. आणि डावं वळण! डबा डावीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला. वेग जरा जास्त असला की आतलं चाक जमीन सोडतं. आपल्या देशात रस्त्याच्या डावीकडून चालायचं, म्हणजे डावं वळण नेहमी कोपऱ्याला धरून, आखूड. नेमकं जे वळण सगळ्यात आखूड तिथेच आपली साइडकार सगळ्यात हलकी. उजवं वळण रुंद असतं आणि त्यात डबा बाहेरून टेकू देतो. तपोवनात मी डावी वळणं घेत राहिले, आधी चालीच्या वेगाने, मग थोडी वाढवत. मिस्त्री पडवीतून बघावं तसे बाभळीच्या सावलीत उभे. एकदा पोत्यासकट चाक वर आलं, हवेत फिरलं. गॅस सोडून हँडल सरळ केलं तसं ते खाली टेकलं. ते लांबून ओरडले, “हां! आता ओळख झाली. आता ते कधी उठंल ते तुम्हाला आधी कळंल.”

तसंच झालं. त्या चाकाची भाषा मांडीला कळायला लागते. उठण्याआधी डब्याचा थरकाप थांबतो, हँडल एकदम हलकं होतं. तेवढ्यात गॅस कमी करायचा.

नवमीला सकाळी निघालो. एकादशीला त्र्यंबकमध्ये वाहनं लांबच अडवतात, आणि आईला दिंड्या रस्त्यावर असताना बघायच्या होत्या. पौषातली थंडी, नाशिकची. मी हातमोजे, कानटोपी, वर हेल्मेट. आईला स्वेटर, शाल, मांडीवर गोधडी आणि तिलाही हेल्मेट. पायाशी पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा, टू-टी ऑइलची बाटली. पेट्रोलच्या लिटरला वीस मिली हे प्रमाण अण्णांनी टाकीच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहून ठेवलं होतं, ते अजून आहे.

अशोकस्तंभावरून त्र्यंबक नाक्याला येईपर्यंत तीन सिग्नल लागले आणि प्रत्येक सिग्नलला लोक बोलले. गाडीवरची पोरं “जय-वीरू” म्हणून ओरडली; ‘शोले’ येऊन पन्नास वर्षं झाली, पण साइडकार म्हटली की लोकांना अजून तेच आठवतं. एका रिक्षावाल्या काकांनी गंभीरपणे विचारलं, “माप किती आत ठेवलंय चाकाला?” मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या वडिलांकडे लॅम्ब्रेटाला होती म्हणे.

सातपूरला पहिली पाळी सुरू होण्याची वेळ. कंपन्यांच्या बसेस, सायकली, मोटारसायकलींचा लोंढा. इथे स्कॉर्पिओ तयार होते, नवीन गाड्या वाहून नेणारे लांब ट्रेलर बाजूला उभे असतात. या गर्दीत साइडकारची रुंदी सतत ध्यानात ठेवावी लागते. दुचाकीवाल्याची नजर फटी शोधते. ती सवय मोडली नाही तर डबा कुणाच्या तरी सायलेन्सरला लागणार. मी रिक्षाच्या मागे रिक्षासारखी चालवत होते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तीसच्या आतबाहेर.

पिंपळगाव बहुला मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. चौपदरी, चांगला रस्ता. उजव्या-डाव्या बाजूला द्राक्षबागा, शाळा-कॉलेजांच्या इमारती, मिसळीच्या पाट्या. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एका लयीत लागलं. त्र्यंबककडे रस्ता हळूहळू चढतो. नुसत्या स्कूटरवर तो चढ कधी जाणवला नव्हता, आज प्रत्येक उंचवटा इंजिनाच्या आवाजात ऐकू येत होता. चौथा गिअर टाकून बघितला, तिने कुरकुर केली, पुन्हा तिसऱ्यावर आले. ठीक आहे. घाई नव्हतीच.

आणि आई बोलत होती. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. स्कूटरच्या मागे बसलेलं माणूस आपल्या पाठीशी बोलतं. त्याचं निम्मं वाऱ्यात जातं, निम्म्याला आपण “काय?” म्हणतो, मग ते गप्प बसतं. त्याला समोर आपल्या पाठीपलीकडे काही दिसतही नाही. साइडकारमध्ये ते शेजारी असतं, थोडं खाली, चेहरा पुढे. आईला रस्ता दिसत होता, मला आई दिसत होती. ती बोटाने दाखवायची. “इथे आम्ही पहिला विसावा घ्यायचो. इथे विहीर होती. ह्या वळणावर एका वर्षी टाळ हरवले होते.” मी इतकी वर्षं तिला स्कूटरवरून नेलं, पण या रस्त्याबद्दल तिला किती ठाऊक आहे हे त्या दिवशी ऐकलं. घरातल्या बायकांना आपण पिढ्यान्‌पिढ्या मागे, एका कुशीवर, एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने पोर धरून बसवत आलो. तिला स्वतःची बैठक, स्वतःचा टेका, स्वतःसमोरचा रस्ता देणारं वाहन आपण फार लवकर सोडून दिलं, असं माझं ठाम मत आहे.

महिरावणीच्या पुढे पहिली दिंडी दिसली. पुढे पताका, मग विणेकरी, टाळकरी, मागे डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया आणि शेवटी सामानाचा ट्रॅक्टर. मी वेग उतरवला, डावीकडे घेतलं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या कडेने चालू लागले. तेव्हा साइडकारची ती खालची बैठक कामी आली. आईचं डोकं चालणाऱ्या बायकांच्या कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. बोलायला वाकावं लागत नव्हतं. एकीने जवळ येऊन रामकृष्णहरी केलं, आईच्या पाया पडली, आई तिच्या पाया पडायला निघाली तर डब्यातून जमेना, म्हणून तिचे दोन्ही हात हातात घेतले. “कुठल्या तुम्ही माउली?” “सिन्नरकडच्या.” “पाय सुजले असतील.” “सुजतात, मग उतरतात.” चालता चालता असं बोलणं चाललं होतं. मोटारीत हे झालं नसतं. काच खाली करूनही झालं नसतं.

पण यंत्राला हा वेग मानवेना. चालीच्या वेगात क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. तळेगावच्या अलीकडे क्लचचा करपट वास आला. मी कडेला घेऊन थांबवलं. स्टँड लावायची गरज नसते, तीन पायांवर ती आपली उभी राहते. चढ होता म्हणून पहिला गिअर टाकून मागच्या चाकाला दगड दिला. समोर अंजनेरी, उन्हात तांबूस झालेला कडा. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे चढून जातात. गडाच्या याच बाजूला, रस्त्यालगत, नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. आई तिथे कधी गेली नव्हती, पायी जाणाऱ्याला वाटेत संग्रहालय बघायची सवड नसते. आम्ही दशम्या खाल्ल्या. इंजिनाला हात लावता येईपर्यंत बसलो. मी बोल्ट एकेक करून पान्याने तपासले. मागच्या खालच्या पकडीचा चेकनट एक फेरा सैल झाला होता, तो आवळला. मिस्त्रींनी बजावलं होतं: पहिल्या प्रवासात नवं काम बसतं, वाटेत एकदा तरी पाना फिरवाच.

पेगलवाडीपाशी रस्ता माणसांनी भरला. पोलिसांनी बाजूच्या शेतात वाहनतळ केला होता. मी गाडी तिकडे घेतली. आईने स्वतः दार उघडलं, नळी धरली, पायरीवर पाय ठेवला आणि उतरली. कुणाचा हात न घेता. तो डबा बनवताना मोजलेली इंच न्‌ इंच उंची त्या क्षणी वसूल झाली. सकाळी मागे टाकलेल्या दिंड्यांपुढचीच एक दिंडी तिथे विसाव्याला थांबली होती. आई त्यांच्यात जाऊन बसली, आणि दिंडी उठली तेव्हा त्यांच्याबरोबर निघाली. काठी टेकत, सावकाश. शेवटचं ते अंतर ती चालली. समोर ब्रह्मगिरी. मी तिची शाल आणि हेल्मेट हातात घेऊन मागे. कुशावर्ताजवळच्या गर्दीत न जाता आम्ही निवृत्तिनाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं, त्र्यंबकराजाला बाहेरून हात जोडले. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ तिने शिखरापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “चल, आता बसते मी तुझ्या डब्यात.”

परतीला उतार. इथे ब्रेकचा खरा कस लागला. साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही. उतारावर दाबला की प्रत्येक वेळी गाडी उजवीकडे, दुभाजकाकडे, खेचायची. हँडलने तिला सांभाळता येत होतं, मी इंजिनाच्याच अटकावावर, तिसऱ्या गिअरमध्ये उतरत राहिले. पण हा दोष मनात टोचत होता. त्र्यंबक रस्त्याचा उतार सौम्य आहे म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टायरवर हात फिरवला, साइडकारचं टायर बाहेरच्या कडेला किंचित घासलंय म्हणाले, आणि एक वायसर काढला. मग मी ब्रेकचं सांगितलं. आईने आधीच जाहीर केलं आहे की चैत्रात वणीला, सप्तशृंगीला जायचं, दिंडोरीमार्गे. म्हणजे नांदुरीचा घाट आला. “त्या घाटात बिनब्रेकच्या चाकाने मी तुम्हाला जाऊ देणार नाही, ताई,” मिस्त्री म्हणाले. चेतकचाच ड्रम साइडकारच्या चाकात बसवायचा, आणि मागच्या ब्रेकच्या पायदांडीवरून दुसरी वायर ओढायची. दोन्ही एकाच वेळी धरले पाहिजेत, आणि साइडकारचा किंचित कमी, नाहीतर ती डावीकडे ओढेल. जुना ड्रम त्यांच्याकडे पडलेला आहे, लायनर नवे लागतील. शिमग्यानंतर गाडी घेऊन या म्हणाले. आणि माईंनाही आणा, वजन लागंल.